मिस्टिंग चालू, ड्रिपर टपकतोय, तरी शॅमेलिऑन कोरडाच: नाशिकच्या हवेत नेमकं काय बिघडतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. मिस्टिंग (पंपाने मारलेला बारीक फवारा) दिवसातून चार-पाच वेळा चालतं, वर ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी नळी) लावलाय, पिंजऱ्याचा तळ कायम ओला असतो, आणि तरीही शॅमेलिऑनचे, म्हणजे पाळलेल्या रंग बदलणाऱ्या सरड्याचे, डोळे आत गेलेत, विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग केशरी झालाय. पाणी वाढवलं की दोन दिवस बरं वाटतं, आठवड्याभरात पुन्हा तेच. मार्च ते मे या महिन्यांत नाशिकमध्ये हे हटकून होतं.

यावर पाणी आणखी वाढवणं हा उपाय नाही. पिंजऱ्यात पाण्याची तीन वेगळी कामं असतात: पिण्यासाठी पानांवर थेंब तयार होणं, रात्री श्वासातून ओलावा कमी जाईल इतकी हवा दमट राहणं, आणि दिवसा सगळं वाळणं. एकाच पंपाकडून ही तिन्ही कामं एकाच वेळी करून घ्यायला गेलं की एकही नीट होत नाही. पुढचं सगळं घरी जास्त पाळल्या जाणाऱ्या दोन जातींना धरून आहे: येमेन-सौदी अरेबियातला व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर. आपल्याकडचा रानातला सरडगुहिरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे, तो घरी ठेवता येत नाही. सापडला तर वनविभागाला १९२६ वर कळवा. परदेशी जातींचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती झाली नसेल तर आधी ते काम उरका.

आधी ठरवा: खरंच कमी पडतंय का?

डोळ्यांवरून निदान करू नका. डोळे आत जाणं हे तहानेचं लक्षण असतं, पण ताण, मूत्रपिंडाचा आजार, डोळ्यांचा संसर्ग यांतही तसंच दिसतं. भरवशाची खूण म्हणजे युरेट, विष्ठेला चिकटून येणारा युरिक आम्लाचा घट्ट पांढरा गोळा. पांढराशुभ्र असेल तर ठीक. एका टोकाला पिवळसर छटा असली तरी चालतं. अर्ध्याहून अधिक केशरी, कोरडा, बोटाने दाबला तर खडूसारखा भुगा होणारा असेल तर पाणी कमी पडतंय. एका वेळच्या रंगावर जाऊ नका, लागोपाठ तीन वेळचे फोटो काढा, आणि तेही खिडकीजवळच्या उजेडात. पिवळ्या एलईडीखाली सगळेच युरेट केशरी दिसतात.

दुसरं, तो पितो का ते बघा. माणूस समोर उभा असेल तर बरेच शॅमेलिऑन पीतच नाहीत, म्हणून जुना मोबाइल समोर लावून रेकॉर्डिंग करा. पिताना तो मान पुढे काढतो, जिभेचं फक्त टोक पानाच्या कडेला लावतो, खालचा जबडा सावकाश हलतो, गळा फुगतो, मग डोकं वर करून गिळतो. पाऊस पडल्यासारखं पाणी सुरू झाल्यावर पहिली मिनिटभर तो नुसता बसून राहतो. त्या वेळी डोळ्यांचे बुरूज फुगवून गरगर फिरवणं ही डोळे धुण्याची त्याची पद्धत आहे, त्याने घाबरू नका. पाणी नसतानाही तसंच करत राहिला किंवा डोळे फांदीवर घासू लागला, तर मात्र डोळ्यांची तपासणी करून घ्या.

ज्याला रोज पुरेसं मिळतं तो दर वेळी अधाशासारखा पीत नाही. प्रत्येक मिस्टिंगला तो धावत येऊन पीत असेल तर ते कौतुकाने बघण्यासारखं नाही. कुठेतरी तूट आहे, आणि ती बहुतेक वेळा रात्रीची असते.

वेळापत्रक: इथेच जास्त चुकतं

दुपारी बारा, दोन, चार वाजता ३०-३० सेकंदांचं मिस्टिंग हे नाशिकच्या उन्हाळ्यातलं सगळ्यात निरुपयोगी वेळापत्रक आहे. बाहेर ३८-४० अंश, हवा कोरडी, आत तापवायचा दिवा चालू. ३० सेकंदांत पानं नुसती ओलसर होतात, थेंब तयारच होत नाही, आणि जो ओलावा येतो तो दहा मिनिटांत उडतो. टाकीतलं पाणी संपतं, तळ भिजतो आणि प्राण्याच्या पोटात काहीच जात नाही. पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब तयार व्हायला बारीक नोझलला साधारण एक ते दीड मिनिट लागतं, आणि त्यानंतर पाणी चालू राहिलं तर प्राणी प्यायला सुरुवात करतो. म्हणून वेळा कमी आणि कालावधी मोठा ठेवा.

मार्च ते मे: पहाटे दिवे लागायच्या तासभर आधी दोन मिनिटं, रात्री दिवे गेल्यावर लगेच दोन मिनिटं. दुपारी मिस्टिंग नाही, त्याऐवजी तास-दोन तास ड्रिपर. रात्री आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहायला हवी, दिवसा ४०-५० पर्यंत खाली आली तरी बिघडत नाही. धुक्याचं यंत्र वापरायचं तर खोलीचं तापमान २० अंशांच्या आसपास किंवा खाली उतरल्यावरच. मे महिन्यात आपल्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजताही २६-२७ असतं. अशा उबेत तासन्‌तास धुकं सोडलं तर फुप्फुसाच्या संसर्गाला आमंत्रण मिळतं. त्या दिवसांत धुकं बंद ठेवा आणि मध्यरात्रीनंतर आणखी एक मिनिटाचं मिस्टिंग घाला.

जून ते सप्टेंबर: खोलीतच ८५ टक्के आर्द्रता असते, आणि आता अडचण उलट होते. पिंजरा वाळतच नाही. रात्रीचं मिस्टिंग बंद करा, पहाटेचं एक मिनिटावर आणा, पण ड्रिपर चालू ठेवा, कारण हवा दमट आहे म्हणजे तो प्यायला असं नाही. छोटा पंखा खोलीत फिरता ठेवा, पिंजऱ्यावर थेट नको. पानं आणि फांद्या सकाळी दहापर्यंत कोरड्या झाल्याच पाहिजेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: नाशिकला थंडीच्या लाटेत किमान तापमान १० अंशांच्या खाली येतं, निफाडकडे त्याहूनही खाली. हवाही कोरडी असते, म्हणजे पाणी लागतंच. पण प्राणी ओला आणि गारठलेला एकाच वेळी राहता कामा नये. खोली १५ अंशांच्या खाली जात असेल तर पहाटेचं मिस्टिंग दिवे लागल्यानंतर अर्ध्या तासाने ठेवा, रात्रीचं दिवे जायच्या अर्धा तास आधी.

एवढं करूनही रात्रीची आर्द्रता ५० च्या वर जात नसेल तर पिंजरा चारही बाजूंनी जाळीचा आहे का ते बघा. मागची आणि दोन्ही बाजूंची जाळी सनपॅक शीटने (पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याने) बाहेरून झाका. दोनशे-तीनशे रुपयांच्या या कामाने जो फरक पडतो तो पंप बदलून पडत नाही. कूलर असेल तर त्याचा झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नका. कूलरची हवा दमट असते हे खरं, पण झोताने पानावरचा थेंब टिकत नाही. आर्द्रतामापक छतापाशी किंवा नोझलखाली लटकवू नका; तो भिजला की ९९ दाखवतो आणि तिथेच अडकून बसतो. प्राणी ज्या फांदीवर झोपतो तिच्या उंचीवर, आडोशाला ठेवा.

नोझल: धार येते, थेंब पडतात, किंवा काहीच येत नाही

बहुतेकांकडचं मिस्टिंग म्हणजे आरओ फिल्टरचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप (७५ किंवा १०० जीपीडी, म्हणजे दिवसाला गॅलन), पाव इंची नळी आणि दोन बारीक नोझल. हा जोड चांगला आहे, आणि सुटे भाग आरओ दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळतात. बिघाड तीन-चार ठिकाणीच होतो.

धुक्याऐवजी एका बाजूला तिरपी धार येते: नोझलच्या तोंडाशी क्षार जमलेत. सिडको, पाथर्डी फाटा अशा भागांतल्या ज्या सोसायट्यांत बोअरचं पाणी मिसळलं जातं तिथे ही तक्रार जास्त. आपल्याकडच्या बेसॉल्ट खडकातलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने मऊ असतं, पण टाकीत बोअर मिसळला की तो फायदा गेला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार (पीपीएममध्ये), पेनसारख्या मीटरने मोजा. १०० च्या खाली असेल तर नोझल महिनोन्‌महिने चालतात. ३०० च्या वर असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी साफसफाई आलीच.

साफ करायची रीत: नोझल काढून एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून दोन तास बुडवा, मग उलट बाजूने सिरिंजने साधं पाणी जोरात मारा. पांढरं व्हिनेगरही चालतं. सुई किंवा टाचणी घालू नका. भोक एका केसाएवढं जरी मोठं झालं तरी त्या नोझलमधून पुन्हा धुकं निघत नाही. द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांना आम्लप्रक्रिया करतात ती मंडळी घरी तेच हायड्रोक्लोरिक किंवा फॉस्फरिक आम्ल वापरायला जातात. ते इथे नको: पंपाचा पडदा आणि जोडण्यांचे ओ-रिंग खराब होतात, आणि आत राहिलेलं आम्ल प्राण्याच्या अंगावर उडतं.

कायमचा इलाज म्हणजे आरओचं शुद्ध पाणी वापरणं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र कधीही नाही, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. सॉफ्टनरच्या पाण्यानेही काम भागत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो, एकूण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि पानांवर, काचेवर पांढरे डाग पडतच राहतात. धुक्याच्या यंत्राला तर शुद्ध पाण्याशिवाय काही घालूच नका. त्या यंत्रातून क्षार भुकटीसारखे हवेत उडतात आणि श्वासात जातात.

पंप बंद झाल्यावरही नोझल टपकत राहतं: टाकी नोझलपेक्षा उंच ठेवली असेल तर वक्रनलिकेसारखं पाणी वाहतच राहतं. टाकी खाली जमिनीवर घ्या. खाली असूनही एक-दोन मिनिटं टपकत असेल तर तो नळीत अडकलेला दाब आहे. नोझलजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप) बसवा. तरी थांबलं नाही तर आरओमधलाच २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) नळीत बसवा आणि त्याच्या वायरी पंपाच्या वायरींना समांतर जोडा.

पंप आवाज करतो पण पाणी येत नाही: नळीत हवा शिरली आहे. टाकीतलं नळीचं टोक तळापासून वर आलं आहे का, पंपाच्या आधीची जोडणी नीट कापली आहे का ते बघा. नळी कात्रीने तिरपी कापली की पुश-फिट जोडणी हवा ओढते. ब्लेडने काटकोनात कापा आणि पुन्हा पूर्ण आत दाबा. पंपाच्या आधी गाळ अडवणारा छोटा सेडिमेंट फिल्टर हवाच. पंपानंतर लावलेला फिल्टर पंपाला वाचवत नाही.

नोझल जाळीच्या बाहेरून मारू नका. धुकं जाळीवर आपटून मोठे थेंब तळाला पडतात. जाळीला भोक पाडून नोझल आत घ्या आणि दोन्ही कोपऱ्यांतून झाडांकडे वळवा, पण पिंजऱ्याचा एक तृतीयांश भाग कोरडा राहू द्या. पाणी नको असेल तेव्हा प्राण्याला सरकायला जागा हवी. तोंडावर थेट मारा झाला की तो डोळे मिटून घेतो आणि मग पीत नाही.

पंप नवा असो की जुना, एकदा नोझलखाली बाटली धरून मिनिटभर चालवा आणि किती मिली जमलं ते लिहून ठेवा. समजा ६० मिली आलं: दोन नोझल, दोन मिनिटं, दिवसातून दोन वेळा म्हणजे ४८० मिली. त्यात ड्रिपरचं पाणी धरलं तर रोज अर्धा-पाऊण लिटर तळाला जाणार. महिन्याने पुन्हा मोजा. ६० चं ४० झालं असेल तर प्राण्याआधी नोझल तपासा.

ड्रिपर: सकाळी चालू, दुपारी बंद

नाशिकमध्ये ठिबकचं सामान गल्लोगल्ली मिळतं, म्हणून पाण्याच्या बाटलीला शेतातला ताशी ४ लिटरचा ड्रिपर लावला जातो आणि मग तो चालत नाही अशी तक्रार येते. तो चालणारच नाही. शेतातला ड्रिपर साधारण १ किलो दाबाला बनवलेला असतो, म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. पिंजऱ्यावर ठेवलेल्या बाटलीला अर्धा मीटरही उंची मिळत नाही. पॉलिहाउसमधला चार तोंडांचा फॉगरही इथे उपयोगाचा नाही. त्याला तीन-चार किलो दाब लागतो, आणि तो मिळाला तर ताशी २८ लिटरने पिंजऱ्याचा हौद होतो.

औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा नवा सेट सगळ्यात भरवशाचा. थेंब मोजायची कुपी आणि चाकाचा क्लॅम्प, दोन्ही त्यात आहे. साध्या सेटचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. दर दोन सेकंदांना एक थेंब ठेवला तर तासाला ९० मिली, दोन तासांना १८० मिली. याहून जोरात नको, हळू झाला तर हरकत नाही. पहिल्यांदा लावताना कुपी दाबून निम्मी भरा, क्लॅम्प उघडून नळीतली सगळी हवा जाऊ द्या, मग वेग लावा. नळीत एक इंचाचा बुडबुडा राहिला तरी थोड्या वेळात टपकणं थांबतं.

सकाळी नीट चालणारा ड्रिपर दुपारी मंदावण्याची दोन कारणं. उंच बाटली रिकामी होत गेली की पाण्याची उंची आणि त्यासोबत दाब कमी होतो. म्हणून उंच बाटलीऐवजी रुंद, बसका डबा घ्या. दुसरं, झाकण घट्ट लावलेलं असतं आणि आत हवा जात नाही. झाकणाला तापवलेल्या सुईने बारीक छिद्र पाडा. काही दिवसांनी मंदावत असेल तर नळीत शेवाळ आहे. डबा आणि नळी काळ्या कापडाने किंवा फॉइलने झाका.

थेंब कुठे पडतो तेही पाहा. तळावर पडणारा थेंब प्राण्याला दिसतच नाही. थेंब वरच्या रुंद पानावर पडून खालच्या दोन-तीन पानांवरून ओघळत आला पाहिजे, आणि तो मार्ग प्राण्याच्या नेहमीच्या फांदीच्या तोंडासमोरून गेला पाहिजे. जास्वंद आणि मनीप्लँट दोन्ही चांगले. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाची पानं दोन्ही बाजूंनी धुवा, माती बदला, आणि काही आठवडे बाहेर ठेवूनच आत घ्या. त्यांवर फवारणी झालेली असते, आणि व्हेल्ड पानं खातो. वाटीत पाणी ठेवून भागेल या भरवशावर राहू नका. साचलेलं पाणी बहुतेक शॅमेलिऑनना पाणी म्हणून ओळखताच येत नाही.

टायमर आणि वीज

यांत्रिक टायमरचा सगळ्यात लहान टप्पा १५ मिनिटांचा असतो. तो मिस्टिंगसाठी नाही. सेकंदांत किंवा मिनिटांत वेळ लावता येणारा डिजिटल टायमर घ्या, आतली बॅटरी चालू आहे याची खात्री करा. वीज गेली की यांत्रिक टायमर तेवढा मागे पडतो, आणि आठवड्याभरात पहाटेचं मिस्टिंग भर दुपारी होऊ लागतं. स्मार्ट प्लगचा धोका वेगळा: वीज परत आल्यावर तो आपोआप चालू स्थितीत जाऊ शकतो. ॲपमध्ये 'वीज आल्यावर बंद' ही निवड करून ठेवा, नाहीतर घरी कोणी नसताना टाकी पूर्ण रिकामी होते आणि पंप कोरडा फिरतो. टाकीत फ्लोट स्विच (पाणी संपत आलं की पंप बंद करणारा) असेल तर उत्तम.

टाकी आणि तळ

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट मिस्टिंगला देऊ नका, दुपारी ते हाताला चटका देतं. पाणी रात्रभर खोलीत ठेवून मग भरा. नळी खिडकीबाहेरून उन्हातून नेली असेल तर पहिला फवारा गरमच येणार. ती आतून घ्या.

टाकी अपारदर्शक हवी. दर आठवड्याला रिकामी करून घासा, नुसती वरून भरत राहू नका. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे, आणि तोच नोझलमधून हवेत उडतो. महिन्यातून एकदा प्राणी बाहेर काढून पूर्ण नळीत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड भरा, अर्धा तास ठेवा, मग दोन लिटर साध्या पाण्याने धुऊन काढा.

तळाला उतार देऊन पाच लिटरच्या ट्रेमध्ये पाणी जाऊ द्या आणि ट्रे रोज ओता. साचलेल्या पाण्यात मेलेले झुरळ-नाकतोडे कुजतात, आणि पायांना होणारे फोड बहुतेक तिथूनच सुरू होतात.

डॉक्टरकडे कधी

वेळापत्रक सुधारून दहा दिवस झाले आणि युरेट तरीही केशरी आहे; दिवसा डोळे मिटलेले आहेत; तोंड उघडं ठेवून श्वास घेतो किंवा ओठांपाशी चिकट फेस आहे; खाणं सुटलंय. यातलं काहीही दिसलं तर पिंजऱ्यात बदल करत बसू नका, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. मादी असेल तर अंडी अडकल्यानेही अशीच लक्षणं दिसतात.

तोवर सिरिंजने तोंडात पाणी ढकलू नका. शॅमेलिऑनच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळापाशी अगदी पुढे असतं, जोराने गेलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. नाकपुडी टाळून वरच्या ओठाच्या टोकावर एकेक थेंब सोडा, तो चाटला तर पुढचा. चाटत नसेल तर थांबा. जाताना ताजी विष्ठा बंद डबीत, युरेटचे फोटो, पाण्याचा टीडीएस आणि मिस्टिंगच्या वेळा लिहिलेला कागद सोबत न्या, आणि प्राण्याला हवेशीर डब्यात, झाकून, उन्हाची वेळ टाळून न्या.